क्लेम निच्केचं कुलूप

बसा. पिशवी खाली ठेवा आणि खुर्ची दिव्याजवळ ओढून घ्या. चहा गॅसवर होतो, त्याला वीज लागत नाही.

मीटरच्या पेटीत तुम्ही काय पाहिलंत ते मला ठाऊक आहे. मेन स्विच बंद आहे, त्यावर लाल कुलूप आहे आणि कुलपाला बिल्ला लटकतोय. तुम्ही वायरमन माणूस, तुम्हाला वाटलं असेल की वीज कंपनीनं लावलं. मी त्यांना फोन केला होता. त्यांचं नाही. आठ रात्री मी या रॉकेलच्या दिव्यावर काढल्या आहेत. आज तुम्हाला बोलावलं, कारण आजची रात्र एकट्यानं काढायचं धाडस मला होईना. कटर बाहेर काढण्याआधी माझं ऐकून घ्या. ते कुलूप कुणाचं आहे हे मला माहीत आहे. बहुधा.

मी ऑब्रे पेंगिली. एकतीस वर्षं इथं ॲडलेडच्या विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवलं. भराव किती दाबला म्हणजे रस्ता खचत नाही, ओढ्याकाठची माती किती भार पेलते, असलं सगळं. माती कधी नक्की उत्तर देत नाही. तिच्या नादानं मलाही नक्की बोलायची सवय राहिली नाही. विद्यार्थी माझ्यामागं मला 'डॉक्टर बहुधा' म्हणायचे. मला राग नाही यायचा. खरंच होतं ते.

माझा धाकटा भाऊ लेन अगदी उलट. शिकला नाही, पण हातात यंत्र दिलं की लोण्यातून सुरी फिरवावी तशी जमीन कापायचा. यॉर्क द्वीपकल्पावर त्यानं मातीकामाची कंपनी काढली. तीन वर्षांपूर्वी तो वारला. आता त्याची मुलगी ब्रॉनी कंपनी चालवते. वीस डिसेंबरला तिचा फोन आला.

"काका, नाताळात काय करताय?"

"विशेष काही नाही. बहुधा वाचन."

"मग वाचन साइटवर करा. हॅम देते, केक देते, रेडिओवर क्रिकेट आहे. फक्त माझ्या यंत्रांकडं एक डोळा ठेवा."

नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळी कामं बंद असतात, आणि चोरांना हे आपल्याइतकंच पाठ असतं. गेल्या हिवाळ्यात ब्रॉनीचा लोडर एका रात्रीत कुणाच्या तरी ट्रेलरवर चढून गेला. आता खोदकामाला एकच पोकलेन उरला होता. तोही गेला असता तर जानेवारीत मिठाच्या तळ्याकाठचा रस्ता सुरू झाला नसता, काम दुसऱ्याकडं गेलं असतं आणि लेननं उभी केलेली कंपनी संपली असती. नऊ माणसं घरी बसली असती. मी हो म्हणालो. लेनचं मी देणं लागत होतो. पैशाचं नव्हे. ते पुढं येईल.

साइट म्हणजे तळ्याकाठचा एक उघडा माळ. एका बाजूला पांढरं मीठ, दुसऱ्या बाजूला खुरटी झाडं. ब्रॉनीनं यंत्रं नेहमीच्या पद्धतीनं लावली होती. फाटकाला रोलर आडवा, त्यामागं जमीन सपाट करणारा ग्रेडर, आणि मध्ये पोकलेन. त्याची बकेट जनरेटरवर टेकवलेली, म्हणजे जनरेटरही कुणी उचलू नये.

"चावी काढून ठेवली आहेस ना?" मी विचारलं.

ती हसली. "काका, या बनावटीच्या सगळ्या यंत्रांना एकच चावी लागते. बाजारात मिळते. माझ्या आईच्या बिस्किटांच्या डब्याला याहून बरं कुलूप आहे."

मी पोकलेनकडं पाहिलं. पिवळा रंग उन्हानं विटला होता, पण ओळख पटायला वेळ लागला नाही.

"हा तोच का गं?"

"तोच," ती म्हणाली. "बाबांनी विकू दिला नाही. म्हणायचे, विकला तर लोक म्हणतील हे विसरले."

मग ती सासरच्यांकडं पर्थला निघून गेली. सहा जानेवारीपर्यंत परतणार नव्हती. मी, माझी चाकांवरची खोली, एक टॉर्च आणि एक फोन. फोनला रेंज फक्त मातीच्या ढिगावर चढलं की यायची.

सव्वीस तारखेला दुपारी रेडिओवर मेलबर्नचा कसोटी सामना लावून बसलो होतो. एक पिकअप दोनदा कुंपणाजवळून हळू गेली आणि तिसऱ्यांदा थांबली. एक उंच माणूस उतरला. दाढी सुंभासारखी.

"आजोबा, रेडिएटरला पाणी मिळेल का?"

मी पाणी दिलं. त्यानं डबा हातात घेतला, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं.

"चेन नवीन घातलीय वाटतं पोकलेनला."

"असेल बहुधा. मला त्यातलं कळत नाही."

"एकटेच असता?"

"नाही. माणसं असतात."

त्यानं खोलीबाहेरच्या माझ्या एकुलत्या खुर्चीकडं पाहिलं. "हं. सामना काय म्हणतोय?"

तो गेल्यावर पाहिलं, रेडिएटरसाठी घेतलेलं पाणी त्यानं फाटकाबाहेर मातीत ओतून दिलं होतं. त्याच्या बुटांना पोलादी टोकं होती. यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाचे बूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबावरच्या कॅमेऱ्याची वायर कापलेली होती.

ढिगावर चढून पोलिसांना फोन केला. सर्वांत जवळचं ठाणं चाळीस किलोमीटरवर, त्यात नाताळची सुट्टी. गस्तीला सांगतो म्हणाले. ब्रॉनीला कळवलं तर ती म्हणाली, "काका, ते आले तर खोलीतून बाहेर पडू नका. यंत्र गेलं तर गेलं." पण तिचा आवाज सांगत होता की तसं नाही.

त्या दुपारी मला ती कल्पना सुचली. आजवर इतका अभिमान मला कोणत्याच कल्पनेचा वाटला नव्हता, म्हणूनच मी सावध व्हायला हवं होतं.

तुमच्या धंद्यातही हाच नियम आहे. यंत्राच्या पोटात कुणी काम करायला शिरलं, की आधी बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपलं लाल कुलूप घालायचं. वर आपला बिल्ला: नाव, फोटो आणि खाली ओळ, 'हे कुलूप लावणाऱ्यानंच काढावं.' चावी एकच, ती त्याच माणसाच्या पट्ट्याला. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे असंच धरायचं, मग मालक येवो नाहीतर मंत्री. आणि काम संपलं की माणूस आपलं कुलूप बरोबर नेतो, पुढच्या कामावर. हा नियम शिकलेला माणूस चोर झाला तरी नियम विसरत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावताना त्याचा हात थबकतोच.

चोर यंत्रावरचे लोक होते. म्हणजे पोकलेनवर लाल कुलूप हवं.

पण माणसांची कुलपं त्यांच्या पट्ट्यांना, माणसं आपापल्या गावी. ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत शोधाशोध केली. सगळ्यांत खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना डबा सापडला. आत उघडं लाल कुलूप आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौकशीच्या न्यायालयाच्या शिक्क्यासकट, एक बिल्ला. क्लेम निच्के. उन्हानं रापलेला चेहरा, बारीक केलेले डोळे. चावी नव्हती.

आता ते 'तोच' काय, ते सांगतो.

क्लेम हा लेनचा सर्वांत जुना ऑपरेटर. बरोसाकडचा जर्मन वळणाचा माणूस, कमी बोलणारा. दिवसाचं काम संपलं की घरी जाण्याआधी पोकलेनला स्वतः ग्रीस द्यायचा. यंत्राच्या हाताच्या, बकेटच्या आणि बुडाच्या सांध्यांतल्या मिळून चौदा खिळी. एका खिळीला ग्रीस झालं की बाहेर आलेलं बोटानं पुसायचा आणि शेजारी अंगठ्याचा ठसा उमटवायचा, ही झाली अशी खूण. त्याच्या उजव्या अंगठ्यावर जुना तिरका घाव होता, म्हणून ठशात एक पांढरी रेघ यायची.

पाच वर्षांपूर्वी लेनचं काम एका कोरड्या ओढ्यात चालू होतं. मी मातीची तपासणी करायला गेलो होतो. संध्याकाळी वरच्या अंगाला काळे ढग फुटले. ओढ्याला पूर येणार हे दिसत होतं, आणि पोकलेन मधोमध उभा, मेन स्विचवर क्लेमचं कुलूप. लेननं हाका मारल्या. फोन लावला, उचलला नाही. नियम असा की माणूस साइटवरून गेला याची खात्री करायची, मगच कुलूप कापायचं. लेन धावत माझ्याकडं आला.

"ऑब्रे, क्लेम गेला का?"

मी क्लेमची पिकअप फाटकातून जाताना पाहिली होती.

"गेला," मी म्हणालो. "मी पाहिलं."

पिकअप रोलरवाला बर्फ आणायला घेऊन गेला होता. क्लेमचा फोन त्याच पिकअपमध्ये होता. आणि क्लेम कानांत बोळे घालून पोकलेनच्या पोटाखाली उताणा पडून दहाव्या खिळीला ग्रीस देत होता. लेननं वाकून पाहायला हवं होतं. पाणी येत होतं, आणि त्याला माझा शब्द पुरेसा वाटला. त्यानं कुलूप कापलं, वर चढला आणि यंत्र फिरवलं.

पुढचं नाही सांगत.

चौकशीत मला विचारलं, तुम्ही नेमकं काय म्हणालात? मी म्हणालो, "मी म्हटलं, बहुधा गेला." सगळ्यांना पटलं. मी कधी दुसरं काही बोलतच नाही, अशी ख्याती. लेन समोर बसला होता. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. 'बहुधा' ऐकूनही कुलूप कापलं, असा ठपका त्याच्यावर आला. त्यानंतर तो कधी यंत्रावर चढला नाही. दोन वर्षांनी गेला.

आयुष्यभर प्रत्येक वाक्याला 'बहुधा' लावणारा मी. त्या एका संध्याकाळी लावलं नव्हतं.

तर डब्यातलं ते कुलूप मी उचललं. लेननं कापलेलं ते नव्हे, हे क्लेमचं त्याच चावीचं दुसरं. चोरांना क्लेमची गोष्ट ठाऊक असणार, मग ते दुप्पट दचकतील, असा हिशेब. पोकलेनजवळ गेलो, मेन स्विच बंद केला आणि कुलूप अडकवून दाबलं. खट्. मी हात मागं घेतला तेव्हा लक्षात आलं की आता ते उघडता येणार नाही. आणि आणखी एक गोष्ट, ती मला खोलीत परत जाताना सुचली. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे असं धरायचं. क्लेम कामावर आहे, असं मी जाहीर करून बसलो होतो.

संध्याकाळी वारा पडला. तळ्यावरून मिठाचा कडवट वास येत होता. साडेआठला उजेड अजून होता, तांबूस, धुळकट. मी हॅमचा तुकडा कापत होतो.

कच्च… कच्च… कच्च.

मग शांतता. मग पुन्हा तीनदा.

आवाज पोकलेनकडून येत होता. पत्रे तापून निवताना वाजतात, मी स्वतःला सांगितलं. ग्रीसची गन दाबल्यावर अगदी असाच आवाज होतो, हेही मला माहीत होतं. मी कडी लावली. सकाळी उजाडल्यावर गेलो. बुडाशी, जिथं हात यंत्राला जोडलेला असतो, तिथं एका खिळीभोवती ताजं, ओलं ग्रीस होतं. नीट पुसलेलं. शेजारी अंगठ्याचा ठसा. ठशात तिरकी पांढरी रेघ.

खिळी मोजल्या. नऊ जुन्या, धूळ बसलेल्या. ही दहावी.

उष्णतेनं ग्रीस वितळून बाहेर येतं. ठसा ब्रॉनीच्या एखाद्या माणसाचा असेल. मी बराच वेळ हे पटवून घेत उभा होतो, आणि बराच वेळ पटलंही. पण दुसऱ्या संध्याकाळी तोच आवाज आला आणि सकाळी अकराव्या खिळीवर ठसा होता. मग बाराव्या. मी साइट सोडून का गेलो नाही म्हणाल, तर दोनदा गाडीत बसलो. दोन्ही वेळा लेन डोळ्यांसमोर आला, मान खाली घातलेला. तीस तारखेला तेरावी झाली. एकच उरली. ती सगळ्यांत आतली, यंत्र ज्यांवर चालतं त्या दोन्ही चेनांच्या मध्ये, पोटाखाली.

एकतीस डिसेंबर. दूर गावात लोक अंधार पडायची वाट न बघता फटाके उडवत होते. आवाज यायचे, उजेड नाही. नऊच्या सुमाराला इंजिनाची घरघर आली. दिवे बंद ठेवून एक ट्रक लांब ट्रेलरसकट फाटकाशी थांबला. दोन माणसं उतरली. एक तो दाढीवाला. त्यांनी फाटकाची साखळी कापली, रोलर चालू करून बाजूला घेतला, मग ग्रेडर. एकाच चावीनं, बिस्किटांचा डबा उघडावा तसं.

ब्रॉनीनं सांगितलं होतं बाहेर पडू नका. मी पडलो. धैर्य म्हणू नका. खोलीत बसून तो दुसरा आवाज ऐकण्यापेक्षा माणसांत जाणं बरं वाटलं.

ते पोकलेनपाशी पोचले होते. बुटका माणूस म्हणाला, "गॅव्ह, कटर दे."

"थांब, बिल्ला आहे," दाढीवाला गॅव्ह म्हणाला.

"मग? बिल्ला चावतो का तुला?"

"नाव वाच."

बुटक्यानं टॉर्च मारला. "हा मेलाय ना पाच वर्षांपूर्वी?"

"हो."

"मग झालं तर. मेलेल्याला काय इजा होणार? आण कटर."

"कुणी लावलं पण? चावी त्याच्याबरोबर पुरली आहे. मी होतो मातीला."

तेवढ्यात त्यांना मी दिसलो. पायजम्यात, हातात विझलेली टॉर्च. बुटका शिवी देऊन पुढं आला. गॅव्हनं त्याला हातानं अडवलं. त्याचा आवाज खाली गेला होता.

"आजोबा, तुम्हाला काही करत नाही आम्ही. एवढंच सांगा… माणूस कामावर आहे, की गेला?"

चोरी करायला आला होता तो. पण तो प्रश्न त्याला टाळता येईना, आणि मलाही. शब्द जवळजवळ तेच होते. मी 'गेला' म्हटलं असतं तर त्यांनी कुलूप कापलं असतं.

मी तोंड उघडलं, आणि पोटाखालून आवाज आला.

कच्च… कच्च…

बुटक्यानं टॉर्च चेनांकडं वळवला.

"आहे," मी म्हणालो. "खाली आहे."

आवाज थांबला. कुणी ऐकायला थांबावं तसा. मग चेनेच्या आतल्या बाजूनं, हाताचा कोपर टेकून माणूस सरकतो तशी, माती खरडली. फक्त एकदा.

बुटका पळाला. गॅव्ह दोन पावलं मागं सरला आणि टोपी काढून म्हणाला, "माफ कर, क्लेम." मग तोही. ट्रक गेला तेव्हा ट्रेलर रिकामा खडखडत होता. मी किती वेळ तिथं उभा होतो मला सांगता येणार नाही. चौदावी खिळी मात्र त्या रात्री झाली नाही. एक तारखेला झाली नाही, दोनला नाही, पाचलाही नाही. आवाजही नाही. आणि ही शांतता त्या आवाजाहून वाईट होती, कारण आता कोण कशाची वाट पाहतंय ते मला कळेना.

सहा जानेवारीला सकाळी सातला ब्रॉनी आणि तिची माणसं आली. यंत्रं जागच्या जागी पाहून तिनं मला मिठी मारली. मग तिला कुलूप दिसलं.

"काका… हे तुम्ही लावलंत?"

मी चोरांचं सांगितलं. गनच्या आवाजाचं नाही. ती रागावली नाही. तिच्या माणसांमधला एक म्हणाला, "प्रोफेसरांचं डोकं बघा. भुतालाच राखणीला बसवलं." सगळे हसले, पण कुणी कुलपाजवळ गेलं नाही.

ब्रॉनीनं फॉर्म काढला. कुलूप कापायचं तर फॉर्म भरावा लागतो. "काका, नियम म्हणून विचारते. माणूस साइटवर नाही, बरोबर?"

माझी नजर पोकलेनच्या पोटाखाली गेली.

तिनं पेन खाली केलं. हळूच म्हणाली, "बाबा शेवटच्या दिवसांत सारखं एकच म्हणायचे. ऑब्रे 'बहुधा' म्हणाला असणार, माझ्याच कानानं गाळलं. ते खरं होतं ना, काका? तुम्ही म्हणाला होतात ना?"

आता बोलायचं होतं. नऊ माणसं उभी होती, माझ्या भावाची मुलगी समोर होती, आणि यंत्राच्या पोटाखाली काळोख होता. तीन शब्दांचं काम होतं.

"आता नीटसं आठवत नाही गं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं तसंच पाहिलं, जसं लेननं पाहिलं होतं. मग फॉर्मची घडी केली. "चहा घेऊ आधी. कापायचं नंतर बघू."

चहाला वीस मिनिटं लागली. परत आलो तेव्हा मेन स्विच मोकळा होता. कुलूप नाही, बिल्ला नाही. पोटाखाली चौदाव्या खिळीवर ताजं ग्रीस आणि ठसा. ब्रॉनीनं सगळ्यांना दोन पावलं मागं व्हायला सांगितलं, स्वतः वाकून चारही बाजूंनी पाहिलं, आणि मग यंत्र चालू केलं. काम संपलं, क्लेम गेला, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. परतीच्या वाटेवर मी गाडीत चक्क शीळ घातली.

काम संपलं की माणूस आपलं कुलूप बरोबर नेतो. पुढच्या कामावर.

सात तारखेला सकाळी घरात वीज नव्हती. पुढचं तुम्ही पाहिलंत.

आता एक विचारतो. तुम्ही आलात तेव्हा कुंपणाचं फाटक वाजलं का? हे घर माझ्याइतकंच जुनं आहे, इथली प्रत्येक बिजागरी कुरकुरते. कुरकुरायची. पहिल्या रात्री फाटकाची थांबली. दुसऱ्या रात्री व्हरांड्याचं जाळीदार दार. मग पुढचं दार, दिवाणखाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. परवा अभ्यासिका. काल बोळाचं दार, ते माझ्या झोपायच्या खोलीला लागून आहे. दिवा घेऊन जा, बघा. प्रत्येक बिजागरीवर ताजं ग्रीस आहे, नीट पुसलेलं, आणि शेजारी चौकटीवर ठसा. माझा अंगठा बघा, त्यावर घाव नाही. मी झोपेत उठून करत असेन हाही विचार करून झाला. गन माझ्याकडं नाही.

एकच दार उरलं आहे. तुमच्या पाठीमागचं, माझ्या झोपायच्या खोलीचं. ते अजून वाजतं. म्हणून मी ते बंद ठेवून इथं, त्याच्यासमोर बसतो. वाजलं की कळेल.

तुम्ही पहिला माणूस, ज्याला मी हे सांगितलं. मी 'बहुधा' म्हणालो नव्हतो. बघा, जमलं बोलायला. आता तुमचा फोन द्या, माझा तुम्हाला बोलावतानाच बंद पडला, चार्ज होत नाही. हेच ब्रॉनीला सांगायचं आहे. रोज ठरवतो आणि रोज उद्यावर टाकतो… वाजतोय. रिंग जातेय. तोवर तुम्ही नियमाप्रमाणे विचारायचं ते विचारा, कटरला हात लावण्याआधी. माणूस गेलाय का, म्हणून.

ब्रॉनी? हो गं, मीच. काका. थांब, ठेवू नको, एक सांगायचं होतं तुला, लेनबद्दल…

तुम्ही का उठलात? बसा ना.

ते दार तुम्ही उघडलंत का?